अर्ध्या किलोचा कंप्यूटर

आमच्या घरात कंप्यूटरमधलं कळणारा माणूस एकच, आणि तो मी. निदान त्या बाजाराच्या दिवसापर्यंत तसा समज होता. (समज माझाच होता.)

आमचा जुना कंप्यूटर चालू केला की मळणीयंत्रासारखा घरघरायचा. शेजारी विचारायचे, "काहो मास्तर, घरात सोयाबीन काढून राह्यले का?" म्हणून मी नवा आणला. टिफिनच्या डब्याएवढा! आत फिरणारी तबकडी नाही, पंखा नाही, आवाज नाही. सगळं साठवायला एक एसएसडी, बिस्किटाएवढी. ती म्हणजे काय, हे मी घरच्यांना पाऊण तास समजावलं. तळेगावात एवढं ज्ञान फुकट कोण देतं?

"आवाजच नाई येत, त चालू हाये हे समजते कसं?" बाबांनी विचारलं. माझे बाबा बहात्तर वर्षांचे. वांगी पिकवतात आणि स्वतःच बाजारात बसून विकतात.

"ते सोडा, बाबा. वजन पाहा याचं! फक्त अर्धा किलो!"

त्यांचा तराजू ओट्यावरच होता. एका पारड्यात अर्ध्या किलोचं लोखंडी वजन ठेवलं, दुसऱ्यात कंप्यूटर. काटा मधोमध! बाबांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझं काही पटलं होतं. मी काय फुगलो म्हणता!

मग डबा स्क्रीनच्या मागे बसवला आणि प्राचीनं, म्हणजे माझ्या मुलीनं, पदवीचा अख्खा प्रोजेक्ट त्यात ठेवला.

"पप्पा, पेनड्राइव्हमध्ये एक कॉपी घेऊन ठेवू का?"

"कायले? यात फिरणारं काईच नाई, त बिघडन काय?"

बाजाराच्या दिवशीच अकरा वाजता तिला तो प्रोजेक्ट ऑनलाइन दाखवायचा होता. नाही दाखवला तर वर्ष वाया. साडेनऊला तिची हाक आली, "पप्पा, हे चालू नाई होऊन राह्यलं!"

"चालूच हाये. आवाज येत नाई, हेच त याचं वैशिष्ट्य!"

स्क्रीनवर 'नो सिग्नल' अशी अक्षरं फिरत होती. मी निदान केलं, नेट गेलं असणार. राऊटर बंद करून चालू केला. कीबोर्डचे सेल बदलले. मग आजकालच्या पोरांना धीर कसा तो नाही, यावर एक छोटंसं भाषण दिलं. दहा वाजले. प्राची रडकुंडीला आली.

तेवढ्यात माझी बायको सुनंदा झाडू घेऊन आली आणि स्क्रीनच्या मागे डोकावली. "अवो, डबा कुठी हाये?"

"कोनता डबा?"

"कंप्यूटर!"

मागे नुसत्या वायरी लोंबत होत्या. मी अर्धा तास, घरात नसलेला कंप्यूटर दुरुस्त करत होतो!

"आबाजी सकाळी अर्ध्या किलोचं वजन शोधून राह्यले होते," प्राची तिच्या आजोबांबद्दल हळूच म्हणाली. "सापडत नव्हतं त्याईले."

मी गाडीला किक मारली ती थेट बाजारात. बाबांसमोर ही गर्दी! एका पारड्यात वांगी, दुसऱ्यात माझ्या पोरीचं वर्ष. एक बाई भांडत होती, "आजोबा, हा कायचा डबा? वजन ठेवा ना!"

"पोरानं सोता मोजून देल्ला, माय! मास्तर हाये थो!"

"बाबा! हे काय करून राह्यले?"

"काऊन? तूच त म्हनला, यात बिघडत नाई काई. थांब, या माईचे अर्धा किलो होऊ दे."

मी थांबलो. करतो काय!

"अन् हा नेला, त मी मोजू कायनं?"

"आज सगळ्यांले एकेक किलो द्या!" मी ओरडलो आणि डबा उचलून पळालो.

अकराला पाच कमी असताना वायरी जोडल्या. डब्याच्या फटीत वांग्याचं देठ अडकलं होतं, ते काढलं. तरीही गडी एका दमात चालू झाला, अर्थातच आवाज न करता. प्राचीचा प्रोजेक्ट व्यवस्थित पार पडला. माझ्या जिवात जीव आला आणि जिवासोबत आवाजही आला.

संध्याकाळी बाबा परतले तसा मी सुरू झालो. "पटकला असता त? पाण्यात पडला असता त? तीन वर्षांची गॅरंटी हाये, थांबा, दाखवतो!"

कपाटातून कंप्यूटरचं खोकं काढलं. गॅरंटीचं कार्ड वरच होतं. त्याखाली, फोमच्या खाचेत, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन होतं. त्या दिवशी पारड्यातून उचलून मीच, माझ्या हातानं, जपून ठेवलेलं.

बाबांनी ते वजन उचललं, कानाशी नेलं, आणि शांतपणे म्हणाले,

"आवाज त याचाई नाई येत, मास्तर. चालूच असन!"