मुखवट्याची कवळी

बोळकं तोंड दिसलं की बत्तिशीभाऊंचे हात शिवशिवायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या कवळ्या करणाऱ्या माणसाचं दुसरं काय होणार? दंतवैद्य मापं पाठवायचे आणि भाऊ घरातल्या मागच्या खोलीत बसून दात जुळवायचे. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर आधी त्याच्या तोंडात डोकावणार, मग ख्यालीखुशाली विचारणार. गल्लीने त्यांना बत्तिशी हे नाव उगाच ठेवलं नव्हतं. लग्नाच्या भानगडीत ते पडले नाहीत. थोरला भाऊ आणि वहिनी यांच्या घरात राहिले, आणि उरलेला सगळा जीव त्यांनी एका भलत्याच छंदात ओतला.

तांत्रिक बौद्धांच्या पूजेतल्या जुन्या वस्तू ते जमवत. सुरुवात एका घंटेने झाली. तिची मूठ निखळली होती आणि इतकं बारीक काम करणारं जवळपास दुसरं कुणी नव्हतं, म्हणून कुणीतरी ती त्यांच्याकडे आणून टाकली. भाऊंनी मूठ बसवली, घंटा हलवली आणि नाद विरेपर्यंत खुळ्यासारखे उभे राहिले. झालं! मग पितळी वज्र आलं. दुष्ट शक्तींना ठोकून ठेवायचा तीन धारांचा खिळा आला. माणसाच्या कवटीची, रुप्याच्या काठाची वाटी आली. आणि मांडीच्या हाडाची तुतारी आली तेव्हा मात्र वहिनींनी फतवा काढला.

"भावोजी, हे जेवणाच्या खोलीत नको. मागे न्या."

"अहो वहिनी, पवित्र वस्तू आहे ती."

"असेल हो. ज्याची मांडी होती त्याला विचारलंत का?"

थोरले खदखदून हसले. "राहू दे गं. घरात चौथं माणूस आलं म्हणायचं, अर्धंमुर्धं का होईना!" ते हसायचे तेही भाऊंनी केलेल्या कवळीने. त्याहून चांगली कवळी भाऊंच्या हातून कधी झाली नाही.

मग एके दिवशी थोरले जेवून हात धुवायला उठले आणि तिथेच कोसळले. गेले.

वहिनी रडल्या नाहीत, फक्त बोलायच्या बंद झाल्या. उठत, घर आवरत, भाऊंनी रांधून वाढलेलं निमूट जेवत. पण तोंडातून शब्द नाही. आई गेल्यावर शाळकरी भाऊंना याच बाईने लहानाचं मोठं केलं होतं, दटावून, चेष्टा करून, सतत बोलून. त्या घरातली शांतता भाऊंना खायला उठायची. "वहिनी, एकदा शिव्या तरी घाला," असं ते काकुळतीला येऊन म्हणत. वहिनी नुसत्या बघत.

अशात तो मुखवटा आला. जुन्या वस्तूंचा दुकानदार स्वतः घेऊन आला. लाकडी, रंग काळपट निळा, कपाळावर तिसरा डोळा, डोक्यावर पाच कवट्यांचा मुकुट. मठातल्या नाचात घालायचा उग्र देव. असले मुखवटे चांगले टोपलीएवढे असतात. याचं तोंड मात्र माणसाच्या मापाचं होतं. आणि त्यात एकही दात नव्हता. सुळेसुद्धा नाहीत.

"आहे तसा ठेवा. हात लावू नका," दुकानदार म्हणाला.

हे काय सांगायला हवं? काजळी पुसायची नाही, तडा बुजवायचा नाही, हे संग्रह करणाऱ्याचं पहिलं व्रत. भाऊंनी ते कसोशीने पाळलं होतं. पण ही घंटा नव्हती, वज्र नव्हतं. हे बोळकं तोंड होतं, आणि ते मागच्या खोलीच्या भिंतीवरून दिवसभर त्यांच्या हातांकडे बघत होतं. भाऊंनी सहज म्हणून माप घेतलं. फळीवर जुने साचे होते, त्यातला एक लावून पाहिला. जबडा तंतोतंत जुळला. साचा थोरल्यांचा होता.

त्यावर त्यांनी वरखाली पूर्ण कवळी केली आणि मेणाने टेकवली. सुळे मुद्दाम केले नाहीत. त्या उग्र तोंडात थोरल्यांचं सभ्य, कारकुनी हसू आलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी मागच्या खोलीत केर काढायला गेल्या. केरसुणी पडल्याचा आवाज झाला. मग त्यांचा स्वर आला, स्वच्छ, नेहमीचा, "इतका उशीर?"

भाऊंनी दाराबाहेर उभं राहून डोळे पुसले. कुणाशी बोलतात, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही. बोलतात ना, मग बस! वहिनी आपलं ताट तिकडे नेऊ लागल्या. दार लोटून घेत. आतून त्यांची बडबड ऐकू येई, मध्ये उत्तरापुरती थांबे, पुन्हा सुरू होई. ताट लख्ख रिकामं परत येई. "हे म्हणाले, आज मीठ कमी होतं," असं येताजाता सांगत. भाऊ दुसऱ्या दिवशी मीठ जास्त घालत.

पण वहिनींच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पदराखाली खांद्याची हाडं दिसायला लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि भाऊंवरच उखडले.

"यांच्या पोटात अन्न नाही हो. उपाशी ठेवता की काय?"

"काहीतरीच काय! ताट चाटूनपुसून जेवतात."

त्याच आठवड्यात दुकानदार एक जुनी जपमाळ दाखवायला आला. मुखवट्याकडे नजर गेली आणि तो दारातच थबकला.

"हे कुणी केलं?"

"मी. कसे बसलेत?"

"बसलेत काय, डोंबल! ते दात पडले नव्हते, भाऊ. काढले होते. मुखवटा नाचवायचं थांबवलं की त्याचे दात काढायचे, ही त्या मठाची रीत. नाहीतर मागतो, म्हणतात."

"काय मागतो?"

"मी कशाला विचारायला जाऊ?"

"मग विकताना बोलायला काय झालं होतं?"

"हात लावू नका म्हटलं होतं की! तुम्ही त्याला कवळी कराल, हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का?" जपमाळ न दाखवताच तो चालता झाला.

भाऊंनी भिंग घेतलं. वहिनी मुखवट्याच्या तोंडाला घास लावत असतील, एवढं त्यांनी मनाशी धरलं होतं. दाढांच्या फटीत अन्नाचे ताजे कण होते, तेही समजण्यासारखं होतं. पण डाव्या दाढा झिजल्या होत्या. उंचवटे सपाट, वर चकाकी. अशी झीज लबाडीने आणता येत नाही. ती वर्षानुवर्षं चावून येते. थोरले डावीकडूनच चावायचे. उजवीकडे त्यांचा जबडा कटकट वाजायचा.

भाऊंनी कवळीला हात घातला.

"भावोजी, थांबा. जेवतायत हे." वहिनी ताट घेऊन दारात उभ्या होत्या.

"वहिनी, दादा गेला."

"ठाऊक आहे मला. वेड नाही लागलं. पण बोलतात ना."

"तुम्ही मराल अशाने."

"मग?" त्या साधेपणाने म्हणाल्या. "तुम्ही ते काढलंत की मी बोलू कुणाशी?"

"माझ्याशी बोला ना!"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, लहानपणी खोटं बोलल्यावर पाहायच्या तसं. भाऊंनी मान वळवली आणि ओढलं. मेणाने नुसती टेकवलेली कवळी ती, नखाने सुटायला हवी होती. सुटेना. जिवंत, ओल्या टाळूला धरून बसावी तशी चिकटली होती. शेवटी सुटली तेव्हा चपकन आवाज झाला. असला आवाज कोरड्या लाकडातून येत नाही, हे भाऊंना कुणी सांगायची गरज नव्हती. कवळी हातात ऊबदार लागली. त्यांनी ती यंत्रावर धरून घासून घासून तिचा भुगा केला.

वहिनी तोवर तिथेच जमिनीवर बसल्या होत्या. मग त्यांनी ताट पुढ्यात ओढलं आणि खाल्लं, भराभर, शेवटच्या कणापर्यंत.

तेव्हापासून त्या रोज जेवतात. अंगावर मांस आलं, डॉक्टर खूश आहेत. शब्द मात्र त्यानंतर एकही नाही. जेवताना बोलायचं काम आता भाऊंचं. ते गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगतात, गल्लीतल्या कागाळ्या सांगतात, विनोद करून स्वतःच हसतात. पाणी प्यायला क्षणभर थांबले, तर वहिनींचा घास हातातच राहतो आणि मान मागच्या खोलीकडे वळते, कुणी बोलायला लागल्यासारखी. भाऊ पेला तसाच खाली ठेवतात आणि घाईघाईने पुढचं काहीतरी बोलू लागतात.