सावलीतले बोंबील

आमच्या खाडीकाठी बोंबील सुकवायची रीत अशी: दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. काल हिराकाकू तशी एक जोडी नाकाशी धरून उभी होती. दोन शहरं जोडणाऱ्या वेगवान रेल्वेगाडीच्या नव्या पुलाची सावली दुपारपर्यंत तिच्या दोऱ्यांवर असते. माल सुकण्याआधी सडतो.

"गाडीमुळे दोन्ही शहरांची भरभराट होणार, असं साहेब म्हणाले," मी सांगितलं. रेल्वेचे ते साहेब सभेच्या मांडवात, पंख्याखाली बसून म्हणाले होते.

"होऊ दे की. गाडी इथं थांबणार काय?"

"नाही."

"मग सावली तेवढी इथं कशी थांबली रे मेल्या?"

तिनं जोडी खाडीत भिरकावली. दोन शहरं अशीच जबड्यात जबडा घालून जोडली जाणार आहेत. त्यांचा भार पेलणारी दोरी आम्ही, आणि सडका वासही आमच्याच वाट्याला.