दाबणारा आणि ऐकणारा

तळहाताएवढी एक डबी, दोन स्क्रू, भिंत. एवढ्याशा कामाचे किती किस्से होणार, असं मलाही वाटलं होतं. पण लोकांच्या घरात जायला लागलो आणि माझी दोनशे पानी वही भरत आली!

मी चाकणच्या एका कंपनीत सेफ्टीला आहे. गेल्या थंडीत आमच्या पेंट शॉपमधला एक जण खिडकी बंद करून, गॅस गीझर लावून अंघोळीला गेला आणि तिथंच आडवा झाला. बायकोनं हाका मारल्या, शेजाऱ्यांनी दार तोडलं, म्हणून वाचला. गीझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. मग कंपनीनं गीझर असलेल्या प्रत्येक घराला एकेक अलार्म दिला आणि तो नीट लागलाय का, ते बघायचं काम माझ्याकडे आलं.

"तुम्ही एकटेच असता, रविवार मोकळाच की!" साहेब म्हणाले.

खरं होतं. माझी बायको कळंबकडच्या एका खेड्यात शिक्षिका. बदलीचा अर्ज दरवर्षी जातो. ती सुट्टीत येते, एरवी मी आणि पिंपळे गुरवचा वन बीएचके. अकरा वर्षं झाली.

तपासणीचा नियम मी ठरवला. एकानं अलार्मचं बटण दाबायचं. दुसऱ्यानं बेडरूमचं दार लावून, पलंगावर आडवं होऊन, डोळे मिटून पडायचं. त्याला ऐकू आलं तरच जागा पास. वहीत चार रकाने: घर, जागा, दाबणारा, ऐकणारा. एकच नाव दोन्हीकडे चालत नाही.

*

पहिलं घर आमच्या स्टोअरकीपरचं. अलार्म थेट देवघरात, समईच्या वर!

"अहो, इथं का?"

"साहेब, जीव वाचवणारी वस्तू. दुसरीकडं कुठं ठेवणार?"

रोज संध्याकाळी धूप लावला की अलार्म बोंबलायचा. घरच्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की तो वाजला की सगळे हात जोडून उभे राहायचे! मी तो काढून पॅसेजमध्ये लावला. त्याची आई मात्र नाराज. "देवाला धूर चालतोय, अन् ह्याचेच लई नखरे!"

*

मोशीला आमच्या एका ठेकेदाराचा तीन मजली बंगला. गावातलं जुनं घराणं. मी सगळे मजले हिंडलो, अलार्म दिसेना.

"फाटकावर हाय की! कॅमेऱ्याच्या शेजारी," तो म्हणाला. "घरात शिरायच्या आत कळाया नको व्हय?"

"भाऊ, हा चोर बाहेरून येत नाही. तुमच्याच बाथरूममधून निघतो."

तो आत तोंड करून ओरडला, "आगं, ऐकलंस का? चोर घरातलाच हाय म्हनत्यात!"

आतून आवाज आला, "मला म्हाईत हाय. लगीन झाल्यापास्नं!"

चहाबरोबर भजीही आली. गप्पा मारत दोन तास गेले. निघताना बाई म्हणाल्या, "पुढल्या बारीला वहिनींना घिऊन या." मी हो म्हणालो.

*

क्वालिटीच्या इन्स्पेक्टरनं तर कमाल केली. अलार्म बाथरूमच्या आत, गीझरच्या बरोबर खाली. वर प्लास्टिकची पिशवी, तिला रबर बँड!

"वाफेनं खराब होऊ नये म्हणून, सर."

"मग हवा कुठून जाणार त्यात?"

तो पिशवीकडे बघत राहिला. हा माणूस दिवसभर लोकांचे पार्ट रिजेक्ट करतो! त्यानं स्वतःच डायरी काढली आणि लिहिलं, 'रिजेक्ट. रीवर्क.' मग मला विचारलं, "सर, तुमच्या घरी कुठं लावलाय?"

"लावायचाय," मी म्हणालो.

*

थर्ड शिफ्टच्या एका ऑपरेटरकडे गेलो, तेव्हा तो नुकताच कामावरून आला होता. अलार्म हॉलमध्ये टीव्हीच्या वर. ऐकणारा म्हणून त्यालाच पलंगावर पाठवला. ही माझी चूक! त्याच्या बायकोनं बटण दाबलं. आतून काही नाही. परत दाबलं. आतून घोरणं!

"राहू द्या," ती म्हणाली, "दमलेत."

"वहिनी, गॅस असं म्हणणार नाही."

अलार्म काढून बेडरूमच्या दाराबाहेर, बाथरूमपासून चार पावलांवर, पडद्यापासून लांब लावला. बटण दाबलं. दार धाडकन उघडलं. भाऊ एका पायात बूट घालून उभा! "शिफ्टचा सायरन झाला ना?"

बायको इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. जागा पास. जाताना तिनंही तेच विचारलं, तुमचा कुठं लावलाय?

*

माझा लागला होता खरं तर. दाराबाहेर, योग्य उंचीवर. बाथरूमची खिडकीही मी उघडीच ठेवतो. पण वहीत माझ्या घरापुढे शेवटचा रकाना कोरा. बटण मी दाबलं, तर पलंगावर कोण? आत मी पडलो, तर बाहेर कोण? शेजारच्यांना सांगता आलं असतं. पण सकाळी सकाळी कुणाच्या दारात जाऊन, जरा माझ्या पलंगावर येऊन पडता का, असं कसं म्हणायचं!

इतर घरी मी दोन-दोनदा टेस्ट घेतो. स्वतःच्या घरी रोज कोऱ्या रकान्यावर अंघोळ करत होतो. आत आडवा झालो, तर हाका मारायलाही कुणी नाही.

गेल्या रविवारी बायकोला फोनवर हे सांगितलं. हसेल वाटलं होतं. ती म्हणाली, "फोन उशीवर ठेवा. माझ्या बाजूच्या."

ठेवला. दार लावलं. बाहेर आलो, तर बोट बटणावर नेईपर्यंत उगाच बराच वेळ गेला. मग दाबलं. माझ्याच घराच्या बंद दाराबाहेर तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आत जाऊन फोन उचलला. "आलं का ऐकू?"

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, रेंज गेली.

"हॅलो?"

"थांबा हो," ती हळूच म्हणाली. "डोळे मिटून पडायचं म्हणलात ना? मी इकडं कधीची पडलेय. आलं ऐकू. परत एकदा दाबा."