वासाचा रकाना

प्रदूषण खात्यातले तपासनीस नाकासमोर चालणारे गृहस्थ होते. त्यांच्या नाकाबद्दल चांगलं बोलण्यासारखं तेवढंच. नऊ वर्षांपूर्वी एका कारखान्यात तपासणी चालू असताना वायू गळला आणि त्यांची वासाची जाण जी गेली ती गेलीच. खात्यात सांगितलं असतं तर हिंडण्याचं काम जाऊन टेबलाशी खिळावं लागलं असतं, म्हणून त्यांनी मूग गिळले. ठाऊक होतं फक्त बायकोला, कारण दूध करपलं तरी हे तिथेच बसून पेपर वाचत.

धूर मोजायला यंत्र होतं, सांडपाण्याला बाटल्या होत्या. वास मात्र माणसानेच घ्यायचा आणि रकान्यात 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं. दर तीन महिन्यांनी तपासनीस रंगाच्या कारखान्याच्या फाटकात उभे राहत, डोळे मिटून दीर्घ श्वास घेत आणि 'नाही' लिहीत. मॅनेजर स्वतः गाडीपर्यंत सोडायला येई. "साहेब, तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस पाहिला नाही," म्हणे. यांना ते खरंही वाटायचं, हीच कमाल.

मग त्यांची लेक कारखान्यामागच्या वसाहतीत राहायला गेली. महिन्याभरात नातीला खोकल्यानं धरलं.

"बाबा, खिडकी उघडायची सोय नाही हो. तुमचं खातं झोपलंय का?"

बाबांनी खिडकी उघडून पाहिली. त्यांना काही कळेना, पण नात नाक दाबून रडायला लागली. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

कारखान्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती. त्याआधीच्या शेवटच्या तपासणीत त्यांनी लेकीच्या भरवशावर ठळक अक्षरांत 'आहे' लिहिलं.

खात्यात एकच गोंधळ उडाला. नऊ वर्षांतले छत्तीस 'नाही' कुणी मान वर करून वाचले नव्हते. या एका 'आहे'साठी मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं.

"कारखान्याने हरकत घेतलीय. नाक तपासून आणा."

डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून एकेक बाटली नाकाशी धरली. आधी रॉकेल, मग लसणाचा रस.

"काय आहे?"

"बाटली," तपासनीस म्हणाले.

नाक निकामी असल्याचं प्रमाणपत्र घेऊन ते साहेबांपुढे उभे राहिले. "साहेब, हे नऊ वर्षांपासूनचं आहे. माझे जुने अहवालही रद्द करा."

"जुन्यांवर कुणाची हरकत आहे का?" साहेबांनी विचारलं आणि 'आहे'वर लाल रेघ ओढली.

पंधरा दिवसांनी लेकीचा फोन आला. फाटकावर लावलेला कागद ती वाचून दाखवत होती: "सलग छत्तीस समाधानकारक अहवालांच्या आधारे परवाना पाच वर्षांसाठी वाढवण्यात येत आहे." मागे नात खोकत होती.

"बाबा," लेक म्हणाली, "खाली तपासनीस म्हणून तुमचं नाव आहे. छत्तीसच्या छत्तीस तुमचेच आहेत."