वामनबुवाचा वेळू

रामाकोना गावात कन्हान नदीचा तळ वामनबुवा कानानं ओळखायचा. संक्रांतीच्या अंघोळीआधी तो पोकळ वेळूचं टोक पाण्यात बुडवी, दुसरं कानाला लावी. गोटे खुळखुळले तर उथळ. काहीच ऐकू आलं नाही तर डोह. डोहापाशी सून सुचिता लाल चिंधीची काठी रोवायची.

यंदा पुरानं तळ बदलला होता आणि बुवाचे कान गेले होते.

"मामाजी, काठी कुठं रोवू?" सुचिता त्याच्या कानाशी ओरडली.

"सगळीकडंच डोह हाय, पोरी."

"घोट्याभर पाण्यात उभे आहा तुमी."

बुवानं वेळू दुसऱ्या कानाला लावला. तिथंही डोहच.

काठावर बाया लुगडी खोचून राहिल्या होत्या. "थांबा," बुवा म्हणाला, "मले ऐकू येऊन नाही राहिलं."

"काठी नाही म्हणजे यंदा डोहच नाही," म्हणत त्या हसत पाण्यात उतरल्या.