सात मुखांची नदी आणि एक ओटी

तुम्ही कुठल्याशा नदीच्या मुखाशी बोटीतून फिरून आलात, त्याचे फोटो मिळाले. प्रत्येक फोटोत तुम्ही हसता आहात. आम्हीही एकदा अशीच सहल केली होती. तिचा एकच फोटो आहे आणि त्यात कुणीच हसत नाही. का, ते सांगते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ सरला होता, पण सोलापूरकरांच्या अंगातून गेला नव्हता. पाहुण्याला पाणी द्यायचं ते अजूनही अर्धा पेला, लागलं तर पुन्हा. आम्ही भवानी पेठेत एका तेलुगू विणकराच्या माडीवर भाड्याने राहत होतो. खाली माग खडखडत आणि वर मी शाळेतल्या मुलींचे इंग्रजीचे पेपर तपासत असे. घरमालकांची थोरली बहीण लांब कोनसीमेत दिलेली होती, म्हणजे गोदावरी जिथे फुटून समुद्राला मिळते त्या मुलखात. "जावा की एकदा. लई पाणी हाय तितं," असं ते येता-जाता सांगत. पाणी बघायला जाणं ही करमणूक आहे, याबद्दल सोलापुरात तेव्हा दुमत नव्हतं.

तुमची पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, मूळच्या गोदाकाठच्या. पैठणच्या वरच्या अंगाला त्यांचं माहेर. धरण भरलं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. बातमी आली तेव्हा त्या रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक हिरवं इरकली लुगडं विकत आणलं आणि माझ्या यजमानांना म्हणाल्या, "गोदावरी समुद्राला मिळते तिथं मला तिची ओटी भरायचीय. मुलगी सासरी निघाली की माहेरची बाई ओटी भरते. आमचं गाव गेलं. आता मीच उरले."

"आई, नाशिकला भरली तर? जवळ पडेल."

"पाळण्यातल्या मुलीची ओटी भरतात का रे?"

सासरे म्हणाले, "पाणी बघायला मी इतक्या लांब येत नाही," आणि घर राखायला मागे राहिले.

मी सहल आखली. इंग्रजांच्या काळातला बंधारा, समुद्राकाठचं नरसिंहाचं देऊळ, दीपगृह, नारळाच्या बागांतून बोटीचा प्रवास. सासूबाईंनी ओटी बांधली. लुगडं, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ.

घरमालक हसले. "आजी, नारळ कशाला नेताय? हितल्या बाजारातले नारळ तितनंच येत्यात की."

"मग त्याचंही माहेरपण होईल."

शिवाय परक्या पाण्याने पोट बिघडतं, म्हणून त्यांनी कळशीभर आणि वर फिरकीच्या तांब्यात सोलापूरचं पाणी घेतलं. जिथे पाण्याला तोटा नाही अशा मुलखात आम्ही पाणी घेऊन निघालो. गाडीत ती कळशी माझ्या पायांशी होती आणि ती सांडू नये एवढंच काम मला सिकंदराबादपर्यंत पुरलं.

कोनसीमा सुंदर आहे. पण सोलापूरच्या माणसाला एवढं हिरवं पाहिलं की आधी संशय येतो. हे कुणाचं आहे, आणि याला पाणी कोण घालतं? घराच्या मागे कालवा, पुढे कालवा, देवळाच्या पायरीपर्यंत पाणी, आणि ते कुणी राखतसुद्धा नव्हतं.

घरमालकांची बहीण, तिला सगळे अक्का म्हणत, दारातच उभी होती. "आला व्हय? या की," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. पुष्कळ वर्षांत तिच्या तोंडून मराठी निघाली नव्हती. मग ती थांबेना. गिरणीचा भोंगा अजून होतो का, सिद्धेश्वराच्या तळ्यात पाणी हाय का, भवानी पेठेतलं ते लिंबाचं झाड कुणी तोडलं का. माहेरचं कुणी येतं का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "माग सोडून कोण येणार? भावाची पत्रं येत्यात."

पहिल्या दिवशी बंधारा. सासूबाई त्याच्याकडे पाठ करून बसल्या. "धरण पाहिलंय मी," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लाँचने नदीच्या मोठ्या फाट्यावरून गेलो. समुद्र जवळ आला तशी सासूबाईंनी ओटी पदराखालून काढली. तेवढ्यात नावाड्याने अभिमानाने काही सांगितलं आणि बरोबर आलेल्या अक्काने ते मराठीत केलं. "ही गौतमी म्हंतोय. गोदावरीचं एक तोंड."

"एक म्हणजे?"

"सात हायत की."

सासूबाईंनी ओटी पुन्हा पदराखाली घेतली.

तिसऱ्या दिवशी नरसिंहाच्या देवळातल्या पुजाऱ्याने सांगितलं की खरी गोदावरी इथलीच, वसिष्ठा, बाकीच्या नावापुरत्या. घाटावर फुलं विकणारी म्हणाली, पुजारी दुसरं काय सांगणार. आणि अक्काच्या घरामागून वाहणारा फाटाही गोदावरीच निघाला. "पण हिच्यात आमी भांडी घासतो," अक्का म्हणाली.

"सात ठिकाणी सासर असलेली मुलगी मी पाहिली नाही," सासूबाई म्हणाल्या.

यजमानांनी नकाशा उलगडून कुठल्या फाट्याला पाणी जास्त ते समजावलं.

"पाणी जास्त म्हणून मुलगी खरी होते काय?"

तो फोटो याच घाटावरचा. पोटाशी बोचकं धरून उभ्या सासूबाई, नकाशाची घडी न जमलेले यजमान, आणि दीपगृह बंद झालं म्हणून फुरंगटलेली मी. चेष्टा बाजूला ठेवली तर सासूबाईंचं मन खरोखर अडकलं होतं. बांधलेली ओटी परत घरी न्यायची नसते. भलत्याच पाण्यात सोडली तर माहेरची शेवटची ओटी चुकली, आणि नेली तर अपशकुन.

रजा संपली. निघायच्या सकाळी अक्काने आम्हाला कुंकू लावलं आणि पिशवीत शहाळी कोंबायला घेतली. सासूबाईंनी ओटीचं बोचकं सोडलं. मग म्हणाल्या, "अक्का, खाली बस. पदर पसर."

अक्काला कळलं तशी ती मागे सरली. "आजी, ती नदीची हाय."

"तिला सात घरं. वाटेवर कुणी ना कुणी भरेल. तुझ्या माहेराहून इथवर कोण येतं?"

अक्का पदर पसरून बसली. सासूबाईंनी सावकाश, काही न विसरता ओटी भरली. लुगडं, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि शेवटी तो नारळ, दारातल्या नारळाच्याच झाडांखाली. अक्काने डोळे पुसले नाहीत. लुगड्याच्या काठावरून बोट फिरवत धागा कुठल्या मागाचा ते बघत होती.

मग तिची नजर तांब्यावर गेली. "ह्यात काय हाय?"

"सोलापूरचं पाणी. उरलंय थोडं."

तिने फिरकी उघडली, तांब्या उंच धरला आणि घोट घेतला. क्षणभर तोंडातच ठेवला.

"अजून मचूळच हाय की," ती म्हणाली, आणि आणखी आहे का ते तांब्या हलवून बघू लागली.