हँगर वल्हं मारत नाही

माझ्या आत्याच्या घरात पाहुण्याला बसायला जागा नसे, पण कोटांना टांगायला असे. जाड कापडाला जवसाचं तेल पाजून केलेले, पाणी आत न घेणारे ते कोट. बंदरावर सगळे त्यांना तेलकोट म्हणत. होडीवाल्यांचे कोट वर्षातून एकदा आत्याकडे यायचे आणि महिनाभर मुक्काम ठोकायचे. एकेकाचा थाट जावयासारखा. आतोबा हयात असताना म्हणायचे, "या घरात लाड करून घ्यायचे तर माणसाने कोट व्हावं."

लाडच ते. आधी गार पाण्याने आणि मऊ ब्रशने खार काढायचा. साबण कोटाला दाखवायचासुद्धा नाही, तो कापडातलं तेलच पळवतो. मग सावलीत वाळवायचं, शिवणी तपासायच्या आणि कोमट तेल चिंधीने चोळायचं, इतकं पातळ की बघणाऱ्याने "लावलंत कुठे?" म्हणून विचारावं. हात जड पडला की कोट वर्षभर चिकट राहतो. मी एकदा तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर आत्याने मला असं फैलावर घेतलं की विचारू नका. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापतो, कधी पेटतोही. तेव्हापासून मी त्या चिंध्या निमूटपणे एकेक करून दोरीवर पसरते.

पण आत्याचं नाव झालं ते परीक्षेमुळे. तयार झालेला कोट ती स्वतः अंगात घालायची, अंगणात स्टुलावर बसून हात पुढेमागे करायची आणि आतोबा वरून बादल्या ओतायचे. आतले कपडे कोरडे निघाले तरच कोट मालकाच्या हाती. आतोबा गेल्यावर बादली माझ्याकडे आली. शेजारणी नाक मुरडायच्या. आत्या म्हणायची, "त्यांचं काय जातं? त्या छत्री घेऊन बाजारात जातात."

गेल्या वर्षी तिला खोकल्याने धरलं. डॉक्टरांनी बजावलं, गार पाण्याला हात लावायचा नाही. मी नेमकी परगावी होते आणि एक कोट उरला होता, घुम्याचा. घुम्या म्हणजे बंदराबाहेर उभ्या जहाजांना टपाल पोचवणारा होडीवाला. पन्नाशीचा माणूस, पण दिवसाला दहा शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी. आत्याने त्याचा कोट हँगरला अडकवला, वरून दोन तांबे पाणी ओतलं, आत एक थेंब आला नाही, आणि कोट देऊन टाकला.

यंदा घुम्या तो कोट घेऊन आला, ठेवून गेला. आत्याने नेहमीप्रमाणे आतली बाजू उलटली आणि तिचे हात थांबले. उजव्या खांद्यावर बशीएवढं पांढरं वर्तुळ होतं, खाराचं. एक-दोनदा भिजून तसं उमटत नाही. समुद्राचं पाणी हंगामभर आत येत होतं, वाळत होतं, पुन्हा येत होतं.

"हँगर वल्हं मारत नाही," आत्या म्हणाली.

वल्हं ओढताना खांदा ताणला जातो आणि शिवण उघडते. हँगरवर ती साळसूदपणे मिटून राहते. चाळीस वर्षं हे जिला पाठ होतं, तीच विसरली होती. तिने तेलाच्या डब्याला झाकण लावलं.

"सगळ्यांचे कोट परत देऊन ये. माझा हात गेला आता. माझ्यावर विसंबून कुणी समुद्रात जायला नको."

मी खूप समजावलं, पण दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिला असं बघवत नव्हतं. कोट नसतील तर ही बाई सकाळी उठेल कशासाठी, याचीच मला धास्ती. आणि राग आला तो घुम्याचा. वर्षभर मूग गिळून बसला! शेवटी मी बंदरावर गेले आणि त्याला घेऊनच आले.

"सांगितलं का नाहीस?" आत्याने विचारलं.

घुम्या चपलांकडे बघत राहिला. "सांगितलं असतं तर तुम्ही काम सोडलं असतं."

"आता सोडलंच आहे."

"म्हणूनच नव्हतं सांगितलं. आतून पुसून आणला होता. वाटलं, दिसणार नाही."

"मला?" आत्या उठून बसली.

घुम्याने खुंटीवरचा आपला कोट काढून अंगात घातला आणि अंगणात जाऊन स्टुलावर बसला. "घाला पाणी."

"गळतो हे मला माहीत आहे," मागोमाग दारात आलेली आत्या म्हणाली.

"नेमका कुठून, ते कुठे माहीत आहे?"

मी बादली भरली. घुम्या कोरड्या अंगणात वल्ही मारायला लागला, तोंड अगदी गंभीर. शेजारणी खिडकीत गोळा झाल्या. पहिली बादली ओतली आणि आत्याला राहवेना. पुढे येऊन तिने त्याच्या कॉलरमधून हात आत घातला आणि खांद्यावरून चाचपत गेली. डॉक्टरांची आठवण मला झाली, पण मी तोंड बंद ठेवलं.

तिसऱ्या बादलीला घुम्याचे दात वाजायला लागले. "कोरडा आहे, आत्या," तो म्हणाला.

"तुझा खांदा माझ्या हाताखाली भिजतोय आणि मला कोरडा सांगतोस?" तिचं बोट एका जागी थांबलं. "इथे. बाहीच्या जोडावरचे दोन टाके कुजलेत. गेल्या वर्षीच दिसायला हवे होते मला."

"दोनच तर आहेत," मी म्हटलं.

"दोनच लागतात. जा, सुई-दोरा आण." मग घुम्याकडे वळून म्हणाली, "काढ तो कोट. आणि पुढच्या वर्षी पहिला थेंब आत आला की तडक माझ्याकडे यायचं."

पुढच्या वर्षी, असं ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. घुम्याने ओला सदरा पिळत मान हलवली.

"मान नको हलवूस," आत्या म्हणाली. "तोंडाने सांग."

"येईन," घुम्या म्हणाला. "आणि सांगेन."